जरा ॲडजस्ट करा, नाना

नानामामा कुठंही बसला की कडेलाच बसायचा. खुर्चीच्या कडेला, सतरंजीच्या कडेला, एसटीच्या बाकाच्या कडेला. अर्धा माणूस बाकावर आणि अर्धा वाटेत. कुणी आल्यावर सरकायचं, त्यापेक्षा आधीच सरकलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. "मामा, नीट बस की," म्हटलं तर म्हणायचा, "बसलोय की नीट. कुणी आलं म्हंजे?" आणि कुणीतरी यायचंच. अशा माणसाच्या शेजारची जागा लोकांना लांबून दिसते.

तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. फलटणजवळच्या एका खेड्यात राहायचा आणि साखर कारखान्यात फिटर होता. आम्ही भाचरं त्याला नानामामा म्हणायचो, पुतणे नुसतं नाना. लग्नकार्यात मात्र सगळं गणगोत त्याला एकाच वाक्यानं हाक मारायचं, "नाना, जरा ॲडजस्ट करा." लग्न सांगलीत असो की साताऱ्यात, गाद्या कमी पडल्या की नानामामा जिन्याखाली झोपणार. पंगतीत पान कमी पडलं की तो पुढच्या पंगतीला जेवणार. जीपमध्ये माणूस जास्त झालं की तो उतरून एसटीनं येणार. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आईच्या माहेरची सगळी माणसं फोटोला स्टेजवर उभी राहिली. फोटोग्राफर म्हणाला, एवढे मावत नाहीत, कुणीतरी ॲडजस्ट करा. बाकीचे एकमेकांकडं बघेपर्यंत नानामामा खाली उतरून खुर्च्या गोळा करायला लागलासुद्धा. बहीण अजून तो फोटो दाखवते आणि मी दर वेळी तिच्यावर उखडते.

या शब्दाचा मला मनस्वी संताप आहे. मी सांगलीत एका शाळेत शिकवते. तिथं एखादी बाई रजेवर गेली की तिचा तास दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारतात, त्याला ॲडजस्टमेंट म्हणतात. शिंपी ब्लाऊज घट्ट शिवतो आणि वर सांगतो, ॲडजस्ट होईल अंगावर. दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवतो आणि ॲडजस्ट करा म्हणतो. मुलीच्या स्थळासाठी फोन येतो, बाकी काही अपेक्षा नाहीत हो, फक्त ॲडजस्ट करणारी हवी. कॅनॉलच्या पाण्याची पाळी ॲडजस्ट, देवळातली रांग ॲडजस्ट, नवरा पितो तर तेही ॲडजस्ट. पंख्याच्या वाऱ्यापासून माणसाच्या आयुष्यापर्यंत सगळीकडं हा एकच शब्द चालतो. त्याला मराठी शब्द शोधायच्या भानगडीत आपण पडलो नाही, कारण मराठीत सांगायचं तर 'तुझं आहे ते मला दे आणि तक्रार करू नकोस' असं तोंडावर सांगावं लागलं असतं. तेवढी लाज आपल्याला अजून आहे.

नानामामाला मात्र हा शब्द कारखान्यात भेटला होता, आणि तिथं तो सरळ होता. चेन सैल झाली की ॲडजस्ट करायची, बेअरिंग गरम व्हायला लागलं की ॲडजस्ट करायचं. एकदा आमच्या घरचं शिलाई मशीन उघडून बसला असताना मला म्हणाला, "ॲडजस्ट करायचं म्हंजे दोन्ही अंगांनी थोडं थोडं पिळायचं, पोरी. एकाच अंगानं पिळत ऱ्हायलं की आटं जात्यात. मग त्यो नट फेकूनच द्यावा लागतो." मी म्हटलं, "मामा, मग तुला सगळे एकाच अंगानं पिळतात ते?" तो हसला आणि तेलाची बाटली मागितली. हसण्यावारी नेणं ही त्याची दुसरी खोड. त्या हसण्यानं समोरच्याला वाटायचं, याला काही लागतच नाही.

लग्न त्याचं झालं नाही. आधी बहिणींची व्हायची होती, मग थोरल्या भावाचं झालं, मग तो भाऊ आजारी पडून गेला आणि त्याची लहान पोरं मामाच्या पगारावर आली. थोरला पुतण्या विक्रम शिकला, पुण्याला नोकरीला लागला. घरात माणसं वाढली तसा नानामामा आतून बाहेर येत गेला. मधल्या खोलीतून सोप्यात, सोप्यातल्या भिंतीकडून उंबऱ्याकडं. सोपा म्हणजे घरात शिरताना लागणारी ओसरीसारखी मोकळी जागा. तिथं झोपणाऱ्याला पहाटे दूधवाला उठवतो आणि दुपारी ज्याला त्याला त्याच्यावरून ओलांडून जायचं असतं. उभ्या आयुष्यात त्याला दार असलेली जागा मिळाली नाही.

म्हणून विक्रमनं जुनं घर पाडून बंगला बांधायचा घाट घातला, तेव्हा नानामामानं पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी मागितलं. जागेतला आपला वाटा त्यानं हसत लिहून दिला आणि एवढंच म्हणाला, "मला एक खोली ठेव, विकू. ल्हान असू दे. फकस्त आतनं कडी लागली पायजे." मी तिथंच होते. विक्रम म्हणाला, "म्हणजे काय नाना, तुमची खोली आधी." नानामामाचा चेहरा असा खुलला की मलाच अवघडल्यासारखं झालं. पुढं दोन-तीन महिने तो ज्याला त्याला बांधकामावर नेऊन विटांच्या चौकटीत उभा करायचा आणि सांगायचा, "ही माझी. खिडकी हिकडनं. वारं लय येतंय."

बंगला झाला. मामाच्या खोलीत आधी उरलेल्या फरश्या ठेवल्या, तात्पुरत्या. त्या हलल्या तेव्हा संडास-बाथरूम जोडून असलेली खालची खोली ती एकच आहे, असं विक्रमच्या लक्षात आलं. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना कुठं उतरवायचं? "नाना, जरा ॲडजस्ट करा, सध्या हॉलमध्ये झोपा." मग लॉकडाऊन आला, विक्रम बायकापोरांना घेऊन गावाकडं राहिला आणि त्या खोलीत ऑफिस थाटलं. ते एक वेळ समजू शकते. पण सगळे पुण्याला परत गेल्यावर खोलीला बाहेरून कुलूप लागलं, आत कॉम्प्युटर आहे म्हणून. हॉलमध्ये नवा सोफा आला आणि नानामामाची कॉट पोर्चमध्ये गेली, गाडी उभी करतात तिथं. एका बाजूला विक्रमनं गावी ठेवलेल्या जुन्या गाडीचं टायर आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस. त्याच्या जमिनीवर बांधलेल्या बंगल्याच्या दाराबाहेर.

मी हे डोळ्यांनी बघितलं आणि माझं डोकं सणकलं. तिथूनच विक्रमला फोन लावला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, मी बोललोय नानांशी. त्यांचं काही म्हणणं नाही. दिवाळीनंतर करतो काहीतरी ॲडजस्ट." फोन ठेवला तर नानामामाच माझ्यावर नाराज.

"कशाला भांडाण काढतीस? दिवाळीनंतर दितो म्हणालाय न्हवं त्यो."

"मामा, कितवी दिवाळी ही?"

"म्हणालाय म्हंजे दिल. आपल्या हाताखाली वाढलंय पोरगं. तोंडानं खोटं बोलायचं न्हाई."

त्याला कुणीही शब्द दिला की तो वस्तू मिळाल्यासारखाच खूश व्हायचा. म्हणून तर लोक त्याला नुसते शब्दच देत आले. त्या दिवशी संध्याकाळी तो मला बसस्टँडवर सोडायला आला आणि वाटेत दर ओळखीच्या माणसाला सांगत होता, "आमच्या विकूचा बंगला बघितला का?"

पुढच्या वर्षी त्याला दम लागायला लागला. तपासायला मिरजेला आणलं, डॉक्टरांनी दोन महिने जवळच राहा म्हणून सांगितलं, आणि तो सांगलीला माझ्याकडं राहिला. माझा मुलगा शिकायला बाहेर, त्याची खोली रिकामी होती. ती त्याला दिली. पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर तो आत गेला, दार लोटलं आणि जरा वेळानं आतून कडी लागल्याचा आवाज आला. पुन्हा निघाल्याचा आला. पुन्हा लागल्याचा. मग आत सामसूम. संध्याकाळी चहाला बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले, केस उभे राहिलेले. म्हणाला, "लय गाढ झोप लागली बग. कुणी ओलांडून गेलंच न्हाई." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सत्तरीच्या घरातल्या माणसाला एका कडीचं एवढं अप्रूप वाटावं, याची मला चीड आली होती आणि ती कुणावर काढावी ते कळत नव्हतं.

मी त्याला इथंच राहा म्हटलं. माझ्या नवऱ्यानंही म्हटलं. तो ऐकेना. "हितं लय चांगलं हाय. पर ही तुज्या पोराची खोली. त्यो आला की त्याला लागंल. माझी हाय की तिकडं. आता रिकामी करतो म्हणलाय विकू." औषधांची पिशवी घेऊन तो फलटणच्या गाडीत बसला, तसाच कडेला. थंडी सरता सरता फोन आला. झोपेतच गेला म्हणाले. पोर्चमध्येच.

आता पुढचं ऐका. आम्ही पोचलो तर विक्रमनं ठरवून टाकलेलं. लोकांना पुन्हा पुन्हा रजा काढायला लावायची नाही, दहावा-तेरावा सगळं पाचव्या दिवशी उरकायचं. "गुरुजींशी बोललोय, ते ॲडजस्ट करतायत." जन्मभर त्याची झोप, जेवण, लग्न, खोली सगळं ॲडजस्ट केलं, आणि आता मेल्यानंतरचे दिवससुद्धा. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "गप. मयताच्या घरी तमाशा नगं." मी गप्प बसले. आमच्याकडं गप्प बसण्यालाही तोच शब्द आहे.

पाचव्या दिवशी नीरेच्या काठी पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिलो. बाभळीवर कावळे होते. ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडायला लागला. "नाना, म्हशीचं आमी बघतो." "नाना, देवाचा दिवा चालू ठिवतो." "नाना, बहिणींना अंतर देणार न्हाई." कावळे ढिम्म. कुणी म्हणालं, त्यांना भजी आवडायची, भजी ठेवा. भजी ठेवली. ज्या माणसानं हक्कानं कधी दुसरा चहा मागितला नाही, त्याचा जीव म्हणे भज्यात अडकला होता. ऊन चढायला लागलं. त्याला काय हवं होतं हे तिथल्या अर्ध्या लोकांना माहीत होतं, आणि ते एकमेकांच्या चेहऱ्याकडं न बघता नदीकडं बघत होते.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. म्हणाले, चालतं, तशी सोय आहे शास्त्रात. तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. आईनं पदर ओढला तरी मी म्हटलं, "विक्रम, खोलीचं बोल."

विक्रमचं तोंड लाल झालं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या घड्याळाकडं बघितलं. दुपारी त्याला पुण्याला निघायचं होतं. दोन पावलं पुढं झाला, हात जोडले आणि घाईघाईनं म्हणाला, "नाना, खोली तुमची."

त्याचे हात खाली यायच्या आत कावळा बाभळीवरून उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "बघा, जीव अडकला होता." "सुटला गडी." आई रडत होती, विक्रमचेही डोळे भरले होते. मला ते अश्रू खोटे म्हणता येणार नाहीत. पण लोक चपला घालून गाड्यांकडं वळले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि राग विक्रमचा नव्हता. त्याच्याकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती. मला राग आला होता नानामामाचा. मामा, तो नुसतं तोंडानं म्हणाला रे. निघायची वेळ झाली म्हणून म्हणाला. आणि तू लगेच आलास? जरा थांबायचं होतंस. ऊन डोक्यावर येऊ द्यायचं होतंस, सगळ्यांचे पाय पोळू द्यायचे होतेस, कुणाच्या गाड्या चुकल्या असत्या तर चुकू द्यायच्या होत्यास. आयुष्यात एकदा अख्खं गणगोत तुझ्यासाठी ताटकळत उभं होतं, मामा, आणि तू त्यांना पाऊण तासात मोकळं केलंस.