देऊळ मागं राहिलं

मॅरेथॉन रद्द झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी झरीच्या आमच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. 'अपरिहार्य कारणास्तव येत्या रविवारची स्पर्धा रद्द करण्यात येत आहे. आपली नोंदणी पुढील वर्षासाठी ग्राह्य धरली जाईल.' तीनदा वाचला. मग लाल पेन टोपण न लावताच पर्समध्ये टाकला आणि पर्सचं अस्तर कायमचं रंगवून बसले. अपरिहार्य म्हणे! रविवार तीन दिवसांवर आला होता.

माझं वय तेव्हा शेहेचाळीस. आदल्या वर्षी याच स्पर्धेत नाव घातलं होतं, तर ऐन वेळी टायफॉइडनं आडवी पाडली. या वर्षी दहा महिने पहाटे उठून पळत होते. सुरुवातीला परभणीतल्या आमच्या कॉलनीच्या मैदानाला एक फेरी मारली तरी जीव घशाशी यायचा. मग एकाचे पाच किलोमीटर झाले, पाचाचे दहा, आणि दिवाळीनंतर एकदा चक्क तीस. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं, त्या जागी नवं आलं. आता मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर आणि वर दोनशे मीटर पळायचे एवढंच राहिलं होतं, तर ही अशी तऱ्हा.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर मुख्याध्यापक मनापासून खूश झाले. "सुटलात मॅडम! गुडघे वाचले तुमचे." सगळे हसले. मीही हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांच्यावर राग नव्हता, माझाच मला येत होता. कारण 'सुटलात' ऐकल्यावर मला क्षणभर बरं वाटलं होतं, हे मला कळलं होतं.

माझ्या आयुष्यात 'पुढच्या वर्षी' फार आहे हो. एम.ए. पुढच्या वर्षी, स्कूटी शिकणं पुढच्या वर्षी, पोहणं पुढच्या वर्षी. यातलं एकही झालेलं नाही. पाय तयार होते ते आत्ता. आत्ता नाही पळाले तर मी कधीच पळणार नाही, हे मला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "मी रविवारीच पळणार. इथंच."

"इथं म्हणजे कुठं?"

"गंगाखेड रोडनं. पोखर्णीच्या पुढं तीन-चार किलोमीटर जायचं आणि माघारी यायचं. बेचाळीस होतात."

ते मोटारसायकल पुसत होते. फडकं पिळलं, पुन्हा पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "पाण्याच्या बाटल्या किती भरू?" यांचं हेच मला लय आवडतं, आणि हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

रविवारी पहाटे पाचला निघाले. थंडी मरणाची. कानाला बांधायला हाताला लागला तो स्कार्फ बांधला, तो निघाला केशरी. हे मोटारसायकलवर पुढं जायचे, सात-आठ किलोमीटरवर पाणी आणि खारका घेऊन थांबायचे, मला पाजून पुन्हा पुढं. बाकी मी आणि रस्ता. उजाडलं तशी माणसं दिसायला लागली, आणि एक गंमत माझ्या ध्यानात आली. माणसं मला हात जोडत होती.

आधी वाटलं, ओळखीचे पालक असतील. पण एका आजोबांनी म्हैस थांबवून विचारलं, "नवस का?" आणि माझी ट्यूब पेटली. पोखर्णीला नरसिंहाचं देऊळ आहे. नवस बोललेले लोक या रस्त्यानं पायी जातात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. डोक्याला केशरी फडकं बांधून एक बाई पहाटे एकटीच पोखर्णीकडं पळत निघालीय म्हटल्यावर लोकांनी दुसरं काय समजावं? मॅरेथॉन म्हणजे काय हे समजावून सांगायला दम लागतो, आणि तो मला पायांसाठी राखायचा होता. मी मान हलवली. आजोबांनी माझ्या पायांकडं बघितलं. "बुटासकट बोलला व्हता का?" माझ्या उत्तराची वाट न बघता ते म्हशीला घेऊन चालते झाले.

पण खरी पंचाईत पोखर्णीत झाली. देवळाकडं वळायच्या रस्त्यावर मी वळलेच नाही, सरळ पुढं निघाले. चहाच्या हॉटेलातला माणूस ओरडला, "ओ बाई! देऊळ माघं राहिलं!" मी हात हलवला. त्याला वाटलं, थकव्यानं मला भान राहिलेलं नाही. खांद्यावरचा टॉवेल सावरत तो बिचारा माझ्यामागं पळत आला. "पुढं काय न्हाई ओ! माघारी फिरा!"

"मला पुढंच जायचंय!"

"नवस इथला आन जायलाव कुठं?"

पन्नासेक पावलं आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एकवीस किलोमीटरला हे उभे होते. मी वळसा घेतला, पाणी प्याले, माघारी लागले. पोखर्णीत हॉटेलवाला रस्त्याच्या मधोमध हात पसरून तयार. "आता तरी!" मी पळता पळताच देवळाच्या दिशेनं हात जोडले. "उग्र देव हाय बाई," तो मागून म्हणाला, "असं लांबून चालत न्हाई." मला हसू आवरेना, आणि हसताना पळवत नाही, हे त्या दिवशी कळलं. मनातल्या मनात देवाला म्हटलं, तुझ्या नावावर मी नमस्कार घेतेय लोकांचे, एवढं सांभाळून घे.

तिसाव्या किलोमीटरपर्यंत मी मजेत होते. पुढचा रस्ता माझ्या पायांनी कधी पाहिलेला नव्हता. ऊन चढलेलं. तेहेतिसावा संपता संपता उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला बसले, बसले कसली, पडलेच. हे पुढच्या थांब्यावर गेलेले. आणि डोक्यात लगेच सुरू झालं: तेहेतीस काय कमी आहेत? कोण विचारतंय? स्पर्धाच नाही तर हरायचं कसलं? पुढच्या वर्षी नीट तयारी करून... हे शब्द माझ्याच डोक्यात माझ्याच आवाजात आले आणि मला अक्षरशः भीती वाटली.

शेजारच्या रानात बायका कापूस वेचत होत्या. त्यातली एक, साडीवर नवऱ्याचा शर्ट घातलेली, ओटीतला कापूस सांभाळत बांधावरनं उतरली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. काही न विचारता तिनं माझी पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि अशी रगडली की मी किंचाळले. मग भाकरीच्या फडक्यातून मिठाची पुडी काढली. "चाट. वरून पानी पी." मी मुकाट्यानं चाटलं.

"नवस हाय का नरसिंहाचा?"

सकाळपासून सगळ्यांना मान हलवली होती. हिला मला खोटं सांगवेना.

"नाही मावशी. शर्यत होती. ती रद्द झाली. म्हणून एकटीच पळतेय."

"शर्यत न्हाई, मंग पळायलीस कामून?"

"पळेन म्हणाले होते."

"कुणाला?"

"मलाच."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही हसणार, रानातल्या बायकांना हाक मारून सांगणार. ती म्हणाली, "मंग नवसच झाला की गं! आन ह्याला तर देऊळ बी न्हाई. ऊठ, ऊठ माय, बसलीस तर पाय धरतेत."

काखेत हात घालून तिनं मला उभं केलं. पहिली शंभर पावलं मी लंगडत चालले. मागं बघितलं तर ती अजून बांधावरच होती, हातानं 'चल, चल' करत. मग मी पळायला लागले. हळू, अगदी म्हातारीच्या चालीनं, पण पळायला लागले. छत्तीस. अडतीस. चाळिसाव्याला यांनी बाटली पुढं केली आणि माझं तोंड बघितलं. नंतर मोटारसायकल पहिल्या गियरमध्ये घालून शेवटपर्यंत माझ्या शेजारून चालवत राहिले.

कॉलनीत शिरले तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. फाटक दिसलं आणि मनगटावरचं अंतर मोजणारं घड्याळ बघितलं: एकेचाळीस पॉइंट सात. अजून अर्धा किलोमीटर! मेलं मोटारसायकलवरचं मोजमाप चुकलं होतं. हे फाटक उघडून उभे, शेजारीण कपडे वाळत घालायचं सोडून बघतेय. "आलात बाई एकदाच्या!" ती म्हणाली. मी फाटकासमोरून तशीच पुढं गेले.

"अगं, घर!" हे ओरडले.

"पाचशे मीटर!" मी ओरडले.

गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले, फाटक पुन्हा मागं टाकलं. आता लोक बाहेर येऊन बघत होते. कुणी म्हणालं, मॅडमना ऊन लागलं. लागू दे! पोटरी ठणकत होती, घामाचं मीठ डोळ्यांत झोंबत होतं, आणि मी घड्याळाकडं बघत पळत होते. बेचाळीस. बेचाळीस पॉइंट एक. बेचाळीस पॉइंट दोन.

थांबले. टाळ्या वाजवायला तिथं कुणी ठरवून आलेलं नव्हतं, गळ्यात पदक घालायला कुणी नव्हतं. वीस वर्षं पोरांना 'हळू बोला रे' म्हणत आलेली मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले, दोन्ही हात वर केले आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडले, "पळाले! अहो, मी सगळं पळाले!"