भरती निघेपर्यंत

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून लिहायचा अधिकार मिळतो असं नाही, माफ करा. पण मैदानावर मी धावत असताना गोळाफेकीचा सराव करणारी सुनीता दिसते आणि गप्प बसवत नाही. पोलीस भरतीच्या वयात बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष.

फिरायला आलेले एक काका तिला म्हणाले, "भरती निघाली तरी का, पोरी?"

"निघेल तेव्हा तुमच्या हातातला जोर उसना द्याल का, काका?"

बेकार माणूस रिकामा असतो, असं लोक धरूनच चालतात. मला तर तिच्याइतकं कामात कुणी दिसत नाही.

आज मैदानावरच मोबाइलवर बातमी आली: भरती पुढच्या वर्षी. सुनीताने ती दोनदा वाचली.

"वयाची सवलत मागायला इथे सराव करणारे सगळे मिळून जाऊ," ती म्हणाली आणि तिने गोळा उचलला.