मुकादम आणि फळांचा खेळ

एव्हेनॉर बाकाने सोळाव्या वर्षी कोयता हातात घेतला आणि चौतिसाव्या वर्षी भिंतीला टांगला. चिनान्देगा शहराच्या खालच्या अंगाला, उसाच्या फडांना चिकटून असलेल्या त्यांच्या वस्तीत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिथे एखाद्या पुरुषाचा विषय निघाला की त्याच्या रक्तातलं क्रिएटिनीन किती, म्हणजे मूत्रपिंडं कितपत बिघडली, हे लोक आधी विचारत. धडधाकट माणसाचं एकच्या आसपास असतं, एव्हेनॉरचं अकरा निघालं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तो बस धरून लेओनच्या इस्पितळात जाऊ लागला. सकाळी सात ते अकरा खुर्चीत पडून राहायचं. डाव्या हातात दोन जाड सुया. रक्त यंत्रात जायचं, धुऊन परत यायचं. तो हात तसूभरही हलवायचा नाही, अशी सिस्टर मार्बेलीची ताकीद होती.

चार तास एका हाताने माणसाने करायचं काय? पहिले पंधरा दिवस त्याने छताचे पत्रे मोजले. मग थोरल्या मुलीने, योर्लेनीने, आपल्या जुन्या मोबाइलवर एक खेळ घालून दिला. तीन सारखी फळं एका रांगेत आणायची, ती फुटतात आणि पुढची पायरी उघडते. एका अंगठ्याचं काम. पोरीबाळींचा खेळ म्हणून त्याने नाक मुरडलं, आणि महिन्याभरात तो दोनशेव्या पायरीवर होता.

शेजारच्या खुर्चीत चिलो तोरुन्यो असायचा. वीस वर्षं तो ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता, एव्हेनॉरच्याच टोळीचा. इथेही सगळे त्याला मुकादमच म्हणत. फडात कुणी सावलीला टेकलं की हा शिट्टी फुंकायचा. उन्हात उभं राहून राहून त्याचीही मूत्रपिंडं गेली होती. एव्हेनॉरने कितीतरी दिवस त्याच्याकडे मान वळवली नाही. पण मुकादमाला गप्प बसवेना.

"तो आंबा खाली घे. खाली रे. डोळे आहेत का बटणं?"

"मुकादम, तुमची शिट्टी इथं चालत नाही."

"शिट्टी नाही, अक्कल देतोय. फुकट."

पुढच्या सोमवारी मुकादमाने पुतण्याकडून तोच खेळ आपल्या मोबाइलवर घालून आणला. मग चढाओढ लागली. कोण कितव्या पायरीवर, हे सिस्टर मार्बेली सगळ्या खुर्च्यांना ऐकवायची. दिवसाला चार पेले पाणी, केळं बंद, घेवडा बंद, मीठ बंद, या सगळ्याचा एव्हेनॉरला तेवढ्यापुरता विसर पडे. आपण सोमवारची वाट बघतो, हे बायकोला, ग्रिसेल्दाला, सांगायची त्याला लाज वाटायची. संध्याकाळी योर्लेनी विचारायची, "पप्पा, आज कोण पुढं?" आणि तो ऐटीत आकडा सांगायचा.

सातशेच्या आसपास मुकादम मागे पडू लागला. आधी म्हणाला डोळे दुखतात. मग मोबाइल सदऱ्याच्या खिशातच राहू लागला. एव्हेनॉरने डिवचून पाहिलं, की अकरा पायऱ्या मागे आहात, टोळीत असता तर आजची हजेरी कापली असती. मुकादम नुसता हसला. त्याचे डोळे समोरच्या भिंतीवर होते.

एका बुधवारी मुकादमाने सांगितलं, की शुक्रवारपासून तो येणार नाही. घरी बोलून झालंय, डॉक्टरला सांगायची गरज नाही. न येण्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. मग जे अठरा वर्षं विचारायचं होतं ते एव्हेनॉरने विचारलं.

"आम्हाला सावलीत का बसू दिलं नाहीत?"

"वरून टनांचा आकडा यायचा. मी तो तुमच्याकडून काढायचो." मुकादम म्हणाला, "ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. पिंपातलं पाणी संपलेलं मला दिसायचं."

"एवढंच?"

"एवढंच आहे, एव्हेनॉर. आणखी काही असतं तर दिलं असतं."

एव्हेनॉरला राग आला नाही, माफही करता आलं नाही. बारा दिवसांनी मुकादम गेला. मातीला एव्हेनॉर सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता घरी आला.

त्यानंतर महिनाभर तो खेळला. पण आठशेच्या पुढे तीच फळं, तेच डाव रंग बदलून येत आहेत, हे त्याच्या लक्षात येऊ लागलं. डाव जिंकला काय, हरला काय, सारखंच. एकदा सिस्टरने विचारलं, की झोप लागली का? तेव्हा त्याला कळलं, की खेळ कधीचाच संपून पडदा काळा झाला होता आणि आपण समोरच्या भिंतीकडे बघतोय. मुकादमाचं असंच सुरू झालं होतं. आधी खेळावरचं मन उडालं, मग बाकीच्यावरचं.

त्या भीतीने तो पुन्हा खेळायला लागला. गोळ्या घ्याव्यात तसा, रोज दहा डाव. चार दिवसांत दहाचे पाच झाले, मग दोन. योर्लेनीने विचारलं तर तो खोटाच आकडा सांगायचा, नऊशे तीन, नऊशे दहा. हळूहळू तिनेही विचारणं सोडलं. एका शुक्रवारी मोबाइल घरीच राहिला आणि हे बस निम्म्या वाटेवर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. परत फिरावंसं वाटलं नाही. जीव घाबरायला हवा होता, तोही घाबरला नाही.

नव्या वर्षासारखा एखादा दिवस यावा आणि काही बदलावं, असं तिथे नव्हतं. तोडणीचा हंगाम संपला तेव्हा एव्हेनॉरचा धाकटा भाऊ यादेर त्याच आजाराने लेओनला आला, अठ्ठावीस वर्षांचा. मुकादमाच्या रिकाम्या खुर्चीत सिस्टरने त्यालाच बसवलं. तिच्याकडे दुसरी जागा नव्हती. सुई टोचताना यादेरने तोंड फिरवलं, आणि ते फिरवलेलं तोंड एव्हेनॉरच्याच समोर आलं.

"दादा, चार तास कसे काढतोस तू?"

"पहिले काही महिने जातात."

"आणि मग?"

एव्हेनॉरने भावाच्या पोरांचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं, शेजाऱ्याच्या डुकरीला किती पिल्लं झाली ते विचारलं. यादेर सांगत गेला. मग दोघांकडचंही बोलणं संपलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठच झाले होते, अकराला अजून पावणेतीन तास होते.