पंखाच्या मुळाशी

विमान काकांपेक्षा वयानं थोडंच लहान, आणि हट्टी दोघंही सारखेच. लातूरच्या धावपट्टीवरच्या शेडमध्ये मी पंखाखाली उताणी पडले होते आणि काका माझ्या डोक्याशी उभे राहून सारखं घड्याळ बघून राहिले होते. मी विमानं तपासणारी इंजिनिअर, मूळची हदगावची. काका या दोन सीटच्या जुन्या विमानाचे मालक आणि पायलट. त्या दिवशी ते काकूंना पहिल्यांदाच वर नेणार होते, नांदेडपर्यंत. आयुष्यभर भ्यायलेल्या काकू एकदाच्या हो म्हणाल्या होत्या. नवी साडी नेसून, मांडीवर डबा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. माझी सही झाली की निघायचं.

"झालं का बाई? इंजिन तर झकास चालून राहिलंय."

"इंजिनाचं कोण बोलतंय? पंख बघू द्या की जरा!" मी खेकसले.

डावा पंख जिथं धडाला जोडलेला असतो, तिथं रंगाला फोड आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. रंग उगाच फुगत नाही. मी झाकण उघडून आत आरसा आणि टॉर्च घातली. पंखाचा सगळा भार ज्या आडव्या कण्यावर असतो, तो स्पार वरून चकचकीत होता. खालच्या कडेला मात्र पांढरी भुकटी. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं तर धातूचा पापुद्राच सुटून आला. त्याच्याखाली आणखी एक.

"काका, हे आज उडायचं न्हाई."

"अगं, जवळच तर जायचंय! जाऊन येतो, मग खोल की सगळं."

"आणि वर पंख मुडपला तर? काकूंना घेऊन चाललात तुम्ही! मी सही करणार न्हाई, काय करायचं ते करा."

काका संतापले. "तुझ्या जन्माआधीपासून उडवून राहिलो मी हे!"

मी भुकटी लागलेला हातमोजाच त्यांच्या नाकासमोर धरला. उजेडात त्या भुकटीत लाल कण दिसले. अॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो. मी बोटानं चोळलं. कुंकू होतं ते.

"हे आत कसं आलं?"

काकू उठून जवळ आल्या. "दसऱ्याच्या पूजेचं असंल. हे म्हणायचे, इंजिनाला पाणी लागू देऊ नको. म्हणून मी कुंकू लावून नारळाचं पाणी इथं, पंखाच्या मुळाशी सोडायची. दर दसऱ्याला."

थोडं तरी झाकून सांगायला हवं होतं. पण माझी जीभ ही अशी. "तेच पाणी फटीतून आत मुरलंय, काकू. त्यानंच खाल्लंय हे."

काकांचा राग कुठल्या कुठं गेला. ते मला गप्प राहायला खुणावत होते, पण काकूंची नजर हातमोज्यावरच होती. डबा त्यांनी छातीशी घट्ट धरला.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही सुखरूप खाली यावं म्हणून सोडत होते वो मी ते."

काकांनी खिशातली विमानाची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि काकूंचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.