पावणं दारात आन् मी खांबाला बांधलेली

बायांनो, आज माझी लई फजिती झाली, तरी मी खुशीत हाय.

मी घरी छोट्या मागावर ब्लाउजला लावायच्या नक्षीच्या पट्ट्या विणते. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं माझ्या कमरेला. मधीच उठलं की धागं ढिलं पडत्यात आन् नक्षी बिघडती.

माझ्या लेकीला, पूनमला बघायला निमगाव सावाचं पावणं दुपारी येणार व्हतं. ते सकाळीच आलं, पोरगा आन् त्याची आई, तवा मी मागावरच. पूनम गिरणीत दळण आणाया गेलेली. हिनं आधीच लई स्थळं माघारी धाडल्यात, म्हणून मला धाकधूक.

पोराच्या आईनं नाक मुरडलं. "पावणं दारात आन् बाई बसूनच?"

मी म्हनलं, "उठते की. पण खांब बी संगं येईल."

पोरगा हसला. "मावशी, बसा तुमी. चहा मी टाकतो."

तो गॅसपाशी गेला आन् मी बसल्या जागेवरून डबं दावत व्हते. आमचं मालक गेलं, पण जाईस्तोवर त्यांना साखरेचा डबा ठावं नव्हता.

तेवढ्यात पूनम आली. पोरानं तिच्या हातात कप दिला. तिनं घोट घेतला.

"गोड झालाय," ती म्हनली. "पुढच्या टायमाला साखर कमी टाका."

पुढच्या टायमाला म्हनली बरं का. त्याच्या आईला काय उमगलं न्हाई, पोरगं मात्र कानापत्तूर लाल झालं.

तुमीच सांगा, मी ह्याला होकार समजू ना?