उदासीनता हा शब्द मी वाचला नाही

"हात दाखव बरं तुझे," सर म्हणाले.

मी दाखवले. दोन्ही. लहान पोर जेवणाआधी दाखवतं तसे. समोर विभागातले सगळे संशोधक विद्यार्थी बसलेले. मागे पडद्यावर माझ्या विषयाचं पान. माझ्या बोटांच्या पेरांवर काळे डाग होते. काजूच्या टरफलातून चीक निघतो, तो कातडी जाळतो. कातडी नवी येते. डाग राहतो.

"बघा," सर मुलांकडे वळले. "सॅम्पल शोधायला बाहेर जायला नको. घरचंच आहे."

सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

मी देवरूखकडच्या एका वाडीतली. बाबा मुंबईला, आई काजूच्या कारखान्यात. एम.ए. होईपर्यंत सुट्टीत मीही तिच्याबरोबर काजू फोडायला जायचे. मग रत्नागिरीत पीएच.डी.ला नाव लागलं. सर माझे मार्गदर्शक, आणि विभागप्रमुखही. कॉलेजात तासांवर शिकवायचं काम मिळालं तेही त्यांच्याच हातून. पहिल्या भेटीत त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते. तिसऱ्या उत्तराला त्यांचं समाधान झालं.

विषय त्यांनीच दिला. 'काजू कारखान्यांतील महिला कामगारांची सुरक्षेबाबतची उदासीनता'.

"मालक हातमोजे देतात, बायका घालत नाहीत. का घालत नाहीत, ही तुझी समस्या."

संशोधनाची समस्या कशी मांडायची हेही त्यांनीच शिकवलं. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू. विषय म्हणजे समस्या नव्हे. समस्या नेमकी हवी, तपासता येईल अशी हवी. आणि उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारायचा नाही. मी हे मनापासून मानलं.

प्रश्नावली घेऊन कारखान्यात गेले. हातमोजे का वापरत नाही? माहिती नाही, कंटाळा येतो, सवय नाही. पर्याय एवढेच. बायका गप्पच. शेवटी घरी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मी पर्याय वाचले, तिने ऐकून घेतले.

"ह्यात माजं उत्तर नाय गो," ती म्हणाली. "तुला काय लिवायचं ते लिव."

रागावली नव्हती. तेच लागलं. आपल्याबद्दल दुसऱ्यानं काहीही लिहावं, याची तिला सवय होती. आणि आता लिहिणारी मी होते.

उत्तर मला ठाऊक होतं. मी ते काम केलेलं. हातमोज्यात काजूगर निसटतो, तुटतो. अख्ख्या गराला एक दर, तुकड्याला त्याहून कमी. मजुरी वजनावर. हातमोजे घातले की मजुरी घटते. दर ठरवणाऱ्याला कोणी काही विचारायचं नाही. विचारायचं आईला. बाई, तू उदासीन का?

उत्तर आधीच ठरलेलं होतं. शीर्षकातच बसलेलं.

मी समस्या पुन्हा मांडली. 'हातमोजे घातल्यावर घटणारी मजुरी कामगार बाईनेच का सोसायची, आणि हे दर कोण ठरवतं?' हे पडद्यावर लावलं, त्याच दिवशी सरांनी माझे हात बघितले.

"ही समस्या नाही, तक्रार आहे," हसणं थांबल्यावर ते म्हणाले. "संशोधक तटस्थ लागतो. तू तर त्यातलीच."

माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. त्याचा विषय, आंबा बागायतदारांच्या अडचणी. तो बागायतदाराचाच मुलगा. त्याला तटस्थ राहायला कोणी सांगितलं नाही. त्याच्या घरी अडचणी होत्या. आमच्या घरी उदासीनता.

मग नुसती घुसमट. मार्गदर्शक बदलायचा तर सरांची संमती हवी. तास त्यांच्या हातात, त्या तासांवर माझी शहरातली खोली. विषय मंजूर करणाऱ्या समितीत एक मॅडम होत्या. त्यांनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "आधी पदवी घे. मग काय हवं ते लिही." त्या चांगल्या मनाने बोलत होत्या. पण उदासीन ठरवलेली माझी आई माझ्या प्रबंधातून ग्रंथालयात कायमची बसणार होती, माझ्या सहीनिशी. नंतर मी काय लिहिणार होते?

समितीसमोर सरांनी जुनंच पान लावलं.

"वाच."

मी 'सुरक्षेबाबतची' इथपर्यंत वाचलं. थांबले.

"पुढे?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुढचा शब्द मी वाचणार नाही. तो खोटा आहे."

मॅडम खाली बघत होत्या.

"मग तुमची समस्या काय?"

मी सांगितली. पाठ होती. एकही शब्द गाळला नाही. अध्यक्षांनी सरांकडे बघितलं. सरांनी नकारार्थी मान हलवली. विषय नामंजूर.

बाहेर सर जवळ आले. "आता बस अशीच. मार्गदर्शक बदलायला संमती देणार नाही, आणि पुढेही जाऊ देणार नाही."

पुढच्या सत्रात मला तास मिळाले नाहीत. खोली सुटली. सध्या मी वाडीत आहे, सकाळी आईबरोबर कारखान्यात जाते. लोक विचारतात, शिक्षण वाया गेलं का? जेवणाच्या सुट्टीत बायकांशी बोलते. पर्याय न देता विचारते. आता त्या बोलतात. मालकाचा माणूस जवळ आला की गप्प होतात. तेही मी टिपते.

विद्यापीठात मी पुन्हा अर्ज करणार आहे. सरांविरुद्ध लेखी तक्रारही. नाकारतील. मग पुन्हा करीन. माझं वाक्य नीट करायला सांगतील, सौम्य करायला सांगतील, थोडं इकडेतिकडे करू या म्हणतील. करणार नाही. प्रश्न मी विचारलाय. आता उत्तर त्यांनी द्यायचं.