कावळ्याच्या अल्बमची वाटणी

उभ्या धाराशिव जिल्ह्यात रॉक आणि मेटल या संगीतावर अधिकारानं बोलू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. यात माझी काही चूक नाही. सोयरीक जुळली तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की थोरले जावई कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर माल पारखतात, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही आणि कधी आवाज चढवून बोलत नाहीत. ते सगळं खरं निघालं. फक्त इतवारी दुपारी जेवण झालं की हे हळू आवाजाचे गृहस्थ धुतलेला सदरा घालतात, दार लोटून घेतात आणि टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसतात, आणि मग तासभर त्या घरातून असे आवाज येतात की गल्लीतली कुत्री वाट बदलतात, ही गोष्ट मला लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला गेलो तेव्हा कळली. मी त्यांना दाजी म्हणतो. ते मला गुरुजी म्हणतात, कारण मी ढोकीजवळच्या एका शाळेत पोरांना गणित शिकवतो.

त्या पहिल्या दिवशी मला पुरणपोळीवर पुरणपोळी वाढून झाल्यावर दाजींनी शेजारी बसवून घेतलं. नवा जावई, म्हणून मीही बसलो. पाय बधिर झाले, घशाला कोरड पडली, पण दाजी डोळे मिटून बसलेले, मान जराही हलत नव्हती. शेवटी काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो की मघाचं तिसरं गाणं बरं होतं, तेवढं परत लावा. दाजींनी डोळे उघडले. त्यांना राग आला नव्हता, दुःख झालं होतं. "गुरुजी," ते म्हणाले, "पोथी मधनंच वाचत्यात का?" अल्बम हा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका बैठकीत, न उठता ऐकायचा असतो, बाजू पालटताना तेवढं घोटभर पाणी प्यायचं, हा त्यांचा नेम. घरात पाहुणा येवो की पाऊस येवो, नेम मोडलेला मी पाहिला नव्हता. मेव्हणीबाईंनी तर सांगितलं की त्यांच्या थोरल्या लेकीच्या बारशाचा मुहूर्त दाजींनी एका अल्बमची दुसरी बाजू संपेपर्यंत थांबवला होता.

आता त्यांच्या मतांविषयी. माणूस तीस वर्षं जे करतो ते त्याच्या हाडात मुरतं. मोंढ्यात शेतकरी पोतं आणतो तेव्हा तोंडाशी चांगला दाणा दिसतोच, तो तसा दिसावा म्हणूनच भरलेला असतो. दाजी तोंडाकडं बघतच नाहीत. टोकदार नळी पोत्याच्या बुडात खुपसतात, ओंजळभर दाणे तळहातावर घेतात, एक दाताखाली फोडतात आणि मग बोलतात. अल्बमचंही तेच. पहिलं गाणं कितीही दणक्यात वाजू द्या, दाजींवर काडीचा परिणाम नाही. ते सहाव्या-सातव्या गाण्याची वाट बघत असतात. तिथं कसर दिसली की खेदानं म्हणतात, "तळाला माती हाय." सगळी गाणी कडक आणि एकच हळवं असेल तर ते त्यांना चालतं, किंबहुना हवंच असतं, कारण अगदीच वाळलेल्या तुरीचा डाळ करताना चुरा होतो. पण दोन हळवी गाणी लागोपाठ आली की माल ओला, परत न्या. ढोल वाजवणाऱ्याला ते मळणीयंत्राच्या कसोटीवर घासतात, पेंढी नीट आत गेली की कसा आवाज येतो आणि अडकली की कसा येतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. आणि निवडक गाण्यांचे जे अल्बम निघतात त्यांच्याविषयी तर त्यांचं मत ऐकण्यासारखं आहे. "चाळणी मारलेला माल, गुरुजी. दिसतो लई देखणा. पर कुठल्या रानातला, ते कळत न्हाय."

इंग्रजी त्यांना येत नाही. त्यामुळं अल्बमची नावं त्यांनी कव्हरवरच्या चित्रावरून ठेवली आहेत. बैलाचा, आगीचा, उलट्या माणसाचा. कवटीचे इतके निघाले की त्यांना नंबर द्यावे लागले. शब्द कळत नाहीत तर ऐकता काय, असं मी एकदा विचारून बघितलं. त्यावर ते म्हणाले की दावणीची गाय हंबरते तेव्हा तिला तहान लागलीय का वासरू चुकलंय हे आपल्याला कळतंच, तेव्हा आपण शब्द मागतो का? शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना मात्र हे पटलेलं नव्हतं. घोगऱ्या, खर्जातल्या गळ्याचा एक अल्बम चालू असताना त्या थेट अंगारा घेऊन आल्या, कुणाच्या तरी अंगात आलंय म्हणून. आवाज टेपरेकॉर्डरातून येतोय असं दिसल्यावर त्यांनी त्यालाच अंगारा लावला. दाजी उठले नाहीत, हसले नाहीत. बाजू संपल्यावर मावशींना नमस्कार केला आणि चहा पाजला.

एकदा पुण्याकडचे एक तरुण बँकसाहेब बदलून कळंबला आले. सुट्टीच्या दिवशी काळा टी-शर्ट घालून मोंढ्यातून चालले होते, छातीवर कवटी. दाजींनी तुरीच्या ढिगावरून मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, कवटीचा तिसरा, तळ कच्चा आहे. साहेब थबकले. मग त्या ढिगाशेजारी उभं राहून दोघांचा तासभर वाद झाला आणि बीट, म्हणजे लिलाव, खोळंबला. साहेब तावातावानं निघून गेले. पुढच्या इतवारी पेढे घेऊन दाराशी आले आणि म्हणाले, मी पुन्हा ऐकला, तुमचं सातव्या गाण्याबद्दलचं बरोबर आहे.

असा हा माणूस. पण एका अल्बमवर त्यानं आजवर मत दिलेलं नव्हतं. तो कावळ्याचा. कव्हरवर वठलेलं झाड आणि त्यावर एक कावळा, दोन कॅसेटींचा मोठा अल्बम. मी कधी विषय काढला की दाजी म्हणत, "अर्धं ऐकून मत देत न्हाय," आणि उठून जात. न उठण्याचा नेम असलेला माणूस उठून जातो म्हटल्यावर मी मेव्हणीबाईंना विचारलं, तेव्हा सगळं कळलं.

दाजींना एक धाकटा भाऊ. हे वेड घरात त्यानं आणलं. तो सोलापूरला शिकायला होता, तिथून सुट्टीला येताना कॅसेटी आणायचा आणि दोघं भाऊ रानातल्या मोटारीच्या खोलीत ऐकत बसायचे. ज्वारीला पाणी चालू आणि आत गाणं चालू. थोरला डोळे मिटून बसायचा, बाजू संपली की उठून पालटायचं काम धाकट्याचं. पुढं दोघांची लग्नं झाली, वडील गेले आणि रीतीप्रमाणं वाटणी झाली. रानाचा वाद नव्हता. उरलं घरातलं सामान. आमच्याकडं पद्धत अशी की थोरल्यानं दोन वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. दाजींनी पारख्याच्या इमानानं वाटे मांडले. भांडी, खाटा, कॅसेटी, सगळं दोन्हीकडं सारखं. कावळ्याचा अल्बम धाकट्यानं नुकताच आणलेला, अजून ऐकायचाच होता, पण घरातला सगळ्यात किमती माल तोच. तो अख्खा एका वाट्यात टाकला तर तो वाटा जड होणार. म्हणून पहिली कॅसेट एका वाट्यात, दुसरी दुसऱ्यात. चांगला दाणा दोन्ही पोत्यांत सारखा पडला पाहिजे. अशी चूक फक्त दाजीच करू जाणोत. मग पहिल्या कॅसेटीच्या वाट्यात टेपरेकॉर्डर ठेवला आणि त्याची बरोबरी म्हणून दुसरीच्या वाट्यात आईचं तांब्याचं घंगाळ.

धाकट्यानं दोन्ही वाट्यांकडं नीट बघितलं आणि घंगाळाचा वाटा उचलला. का, ते सांगितलं नाही. दाजींनीही विचारलं नाही. पण त्यांच्या मनात तेव्हाच गाठ बसली की भावाला गाण्यापरीस तांबं मोठं झालं. धाकटा पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दुकान टाकून राहिला. लग्नकार्यात, मयतीला दोघं भेटत, बरं आहे का विचारत. बोलचाल होती, बोलणं नव्हतं. अशी एकोणीस वर्षं गेली. मधल्या काळात फोन आले, हवा तो अल्बम बोटावर आला. दाजी नवे अल्बम फोनवर ऐकतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोही नेम पाळून. एकदा मी त्यांना कावळ्याचा दुसरा भाग फोनवर काढून दाखवला. त्यांनी फोन उलटा करून ठेवला. वाटणीत गेलेलं रान दुसऱ्या बांधावरून शिरून खायचं नसतं, म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. तत्त्वापायी माणूस स्वतःला किती उपाशी ठेवू शकतो याला काही सुमार असावा.

यंदा थंडीत मला प्रशिक्षणासाठी तीन दिवस वाशीला जावं लागलं. दाजींच्या धाकट्या भावांनी मला बाजारात ओळखलं आणि हट्टानं घरी नेलं. चेहरा दाजींचाच, फक्त जास्त हसरा. चहा झाला आणि मला राहवलं नाही, कावळ्याच्या कॅसेटीचं विचारलं. ते आत गेले आणि सातबाऱ्याचे कागद ठेवायच्या पत्र्याच्या पेटीतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली कॅसेट घेऊन आले. नव्यासारखी होती. कशी वाटते, मी विचारलं. ते म्हणाले, ऐकली कुठं, लावणार कशावर?

थोरल्या भावाला ते आण्णा म्हणत. मग ते हळूच म्हणाले, "आधी उचलायचा मान माझा हुता, गुरुजी. मशीन म्या उचललं असतं, तर आण्णांनी इतवारी काय करायचं?"

एखादं मशीन विकत घ्यायचं होतं, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. आण्णांशिवाय ऐकायला ते बसलेच नसते. आणि एकदा तरी कळंबला जायचं होतं, यावर त्यांचं म्हणणं की थोरल्यानं बोलवायचं असतं, ते वाट बघत राहिले. मी शिकलासवरलेला माणूस, पण त्या वेळी मला दोघांच्याही मुस्कटात द्यावीशी वाटली आणि रडूही आलं.

कळंबला येऊन दाजींना सगळं सांगितलं. ते हातातला तुरीचा दाणा उगीच फिरवत राहिले. मग एवढंच विचारलं, "एकदाबी लावली न्हाय?"

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, तुरीचा ऐन हंगाम, मोंढ्यात गाड्यांची रांग. दाजी आडतीवर गेले नाहीत. धुतलेला सदरा घातला, टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि माझ्यासोबत वाशीच्या एसटीत बसले. वाटेत खड्डा आला की तेवढा हात टेपरेकॉर्डरवर दाबत.

धाकटा पाया पडला. माफी कुणी मागितली नाही, आमच्याकडं भाऊ भावाची माफी मागत नसतात, चहा करायला सांगतात. एकोणीस वर्षं न फिरलेली फीत आत चिकटली होती, धाकट्यानं पेन घालून ती हलक्या हातानं मोकळी केली. मग दोघं मांडी घालून बसले, मीही बसलो. आवाज जरा गढूळ येत होता, मध्येच कापत होता. दाजींनी डोळे मिटले होते, पण ते चांगलेच ओले झाले होते आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. बाजू संपून खट्ट आवाज झाला. दाजी उठू लागले, तर धाकटा आधीच उठला होता. त्यानं कॅसेट पालटली आणि परत आपल्या जागी येऊन बसला. पन्नाशीच्या पुढचे ते दोघं, केस पिकलेले, आणि माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना.

संपल्यावर धाकट्यानं विचारलं, "कसा हाय, आण्णा?"

दाजींनी कॅसेट काढून पुन्हा धोतराच्या फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले की सलग ऐकल्याशिवाय सांगता यायचं नाही, पहिली कॅसेट घरी राहिली, पुढच्या इतवारी घेऊन येतो. मोंढ्यातून साधी सुतळी न विसरणारा हा माणूस कॅसेट विसरला असेल यावर माझा विश्वास नाही. टेपरेकॉर्डर त्यांनी तिथंच ठेवला.

परतीच्या एसटीत त्यांची मांडी रिकामी होती. हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. येरमाळा मागं पडल्यावर खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "गुरुजी, एकोणीस वर्सांत किती इतवार येत्यात?"

हे गणित मी पोरांना फळ्यावर घालतो. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "मांडून बघावं लागंल, दाजी."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "नका मांडू."